जुनं कार्पेट काढताना आणि नव्याचं माप घेताना: आधी खालची जमीन बघा, मग रोलची रुंदी धरून मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. न्यू जर्सीत 1962 साली बांधलेलं दुमजली घर तुम्ही नुकतंच घेतलंय. आधीच्या मालकांकडे कुत्रा होता, त्यामुळे कार्पेटला वास आहे. सप्टेंबरात पुण्याहून आईबाबा येणार आहेत, आईंचे गुडघे दुखतात आणि घरात दीड वर्षाचं बाळ आहे. दिवाणखाना 15 फूट 6 इंच बाय 18 फूट 4 इंच, मोठी खिडकी लांब भिंतीत. दुकानदार म्हणाला, "क्षेत्रफळ काढा, त्यात दहा टक्के मिळवा, झालं." जुनं कार्पेट स्वतः काढता येईल का, आणि हे माप बरोबर आहे का, असे तुमचे दोन प्रश्न आहेत.

काढता येईल, थोडी खबरदारी घेऊन. माप मात्र त्या पद्धतीने घेऊ नका. मी इथे अनेक वर्षं फ्लोअरिंगचं काम करतोय आणि आपल्या लोकांच्या घरांत सर्वांत जास्त पैसे वाया जाताना पाहिलेत ते दोन जागी: खाली काय आहे हे न बघता ऑर्डर दिली तेव्हा, आणि कार्पेट चौरस फुटांत मोजलं तेव्हा.

आधी डोकावून बघा

ऑर्डर देण्याआधी, कार्पेट उखडण्याच्याही आधी, खाली काय आहे ते शोधा. तुमच्या घरात जमिनीत गरम हवेची जाळी असेल तर ती नुसती उचला. तिथे कापलेल्या कडेला सगळे थर दिसतात: वर कार्पेट, मग पॅड (कार्पेटखालचा मऊ थर), मग प्लायवूड किंवा फळ्या. जाळी नसेल तर एखाद्या क्लोझेटच्या, म्हणजे भिंतीतल्या कपाटाच्या, आतल्या कोपऱ्यात पक्कडीने कार्पेट धरून हातभर वर उचला. कोपरा परत दाबून बसवता येतो, कुणाला कळतही नाही.

1962 च्या घरात दिवाणखान्यात आणि वरच्या बेडरूममध्ये ओक लाकडाच्या सव्वादोन इंची पट्ट्या निघण्याची चांगली शक्यता आहे. त्या काळच्या बऱ्याच घरांत कार्पेट नंतर, लाकडावरच टाकलं गेलं. ओक निघाला आणि कुत्र्याच्या डागांनी काळा पडलेला नसला, तर दिवाणखान्यात नवीन कार्पेट टाकू नका असं मी स्पष्ट सांगेन. घासून, पॉलिश करून ते लाकड पुढची कित्येक वर्षं चालेल, बाळाने वरण सांडलं तर पुसता येईल. आईंच्या पायाला गारठा लागू नये म्हणून वर एखादा गालिचा टाका, मात्र त्याच्या खाली न सरकणारी जाळीदार चटई हवीच. कार्पेट त्यांच्या बेडरूममध्ये आणि जिन्यावर ठेवा. पडण्याची भीती तिथे जास्त असते.

तळघरात मात्र घाई करू नका. 1980 च्या आधीच्या घरांत कार्पेटखाली 9 इंच बाय 9 इंचाच्या चौकोनी टाइल आणि त्यांच्याखाली काळा, डांबरासारखा गोंद सापडतो. त्या टाइलमध्ये आणि गोंदातही अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. नुसतं बघून ते ओळखता येत नाही, नमुना प्रयोगशाळेतच तपासावा लागतो. अशी टाइल दिसली तर खरवडू नका, घासू नका, झाडूने झाडू नका, तिथेच थांबा. टाइल अखंड असेल तर तिला हात न लावता वरून झाकणं हाच सहसा सुरक्षित मार्ग. वरून झाकतानाही कार्पेट धरून ठेवणाऱ्या कडेच्या लाकडी पट्ट्या खिळ्यांनी ठोकू नयेत, कारण टाइल फुटते. फुटलेली, सुटलेली असेल तर परवानाधारक माणूस बोलवा. दुसरी गोष्ट शिशाच्या रंगाची. 1978 च्या आधीच्या घरांत भिंतीच्या तळाशी असलेल्या बेसबोर्डवर तो असू शकतो. रंगाचे पापुद्रे निघत असतील तर बेसबोर्ड उखडू किंवा घासू नका. कार्पेट काढायला बेसबोर्ड काढावा लागतच नाही. बाळ असलेल्या घरात यात तडजोड नको.

काढण्याचं काम

हत्यारं साधी आहेत: धारदार कटर आणि भरपूर पाती, पक्कड, चपटी पहार, हातोडी, जाड कातडी हातमोजे, गुडघ्याचे पॅड, एन-95 मास्क, चष्मा, मोठी चिकटपट्टी आणि शॉप व्हॅक, म्हणजे जाडाभरडा कचराही ओढणारा मोठा व्हॅक्युम. पायात जाड तळव्याचे बूट घाला. हे मुद्दाम सांगतो, कारण घरात अनवाणी वावरण्याची आपली सवय इथे महागात पडते. कार्पेटच्या चारही कडांना भिंतीलगत टॅक स्ट्रिप असते, म्हणजे वरच्या बाजूला अणकुचीदार टोकं निघालेली इंचभर रुंद लाकडी पट्टी. कार्पेट निघालं की ती उघडी पडते. धनुर्वाताची लस घेऊन दहा वर्षं झाली असतील तर कामाआधी घेऊन टाका.

काम एका वेळी एकाच खोलीत करा. बाळ आणि वडीलधारी माणसं त्या दिवशी दुसरीकडे असावीत, दार बंद आणि फटीला टॉवेल. आधी जुनं कार्पेट नीट व्हॅक्युम करा. फेकायचंच आहे तर कशाला, असं वाटतं, पण त्यातली वर्षानुवर्षांची धूळ हवेत जाणं टाळायचं असेल तर हाच उपाय. खोलीचं दार बिजागरीतून काढून बाजूला ठेवा.

कोपऱ्यात पक्कडीने कार्पेटचे धागे धरा आणि वर ओढा. निघत नसेल तर कोपऱ्यापासून थोडं आत बोटभर चीर द्या, ती कड धरून ओढा. एका भिंतीलगतची कड सुटली की कार्पेट उलटं घडी घाला आणि पाठीमागून कापा. पाठीचं कापड सहज कापलं जातं, वरचे धागे कटरला गुंततात. तीन-चार फूट रुंदीच्या पट्ट्या करा, गुंडाळा, चिकटपट्टीने बांधा. अख्खं कार्पेट एका तुकड्यात ओढून नेण्याचा मोह धरू नका. ते भयंकर जड असतं आणि जिन्याच्या वळणावर अडकतं. कचरा उचलणाऱ्या पालिकेचे नियम गावागणिक वेगळे असतात. बऱ्याच ठिकाणी चार फुटांपर्यंतची बांधलेली गुंडाळीच घेतात, म्हणून आधी पालिकेला विचारा आणि त्या मापाने कापा. खाली ओक आहे हे कळलं असेल तर कापताना पातं लाकडाला लागणार नाही इतकी घडी वर उचलून धरा.

पॅड हाताने निघतं. लाकडावर ते स्टेपलने ठोकलेलं असतं, काँक्रीटवर चिकटवलेलं. पॅड ओढलं की त्याचे तुकडे स्टेपलला अडकून राहतात. हे स्टेपल काढणं हेच खरं कंटाळवाणं काम आहे, त्याला वेळ राखून ठेवा. प्लायवूडवर लोखंडी खरवडणीने झपाट्याने काढा. ओकवर मात्र एकेक स्टेपल पक्कडीने, खाली पुठ्ठा धरून.

टॅक स्ट्रिप सगळ्याच काढून टाकू नका. घट्ट, कोरड्या, न गंजलेल्या पट्ट्या तशाच ठेवल्या तर नवीन कार्पेट त्यांच्यावर बसवता येतं. काळ्या पडलेल्या, गंजलेल्या किंवा तुटलेल्या तेवढ्या बदला. पट्टी काळी पडली आहे याचा अर्थ तिथे ओल होती, पाण्याची नाहीतर कुत्र्याची. त्या जागेवर खडूने खूण करून ठेवा.

जिना सर्वांत शेवटी घ्या, कारण वरच्या मजल्याच्या सगळ्या गुंडाळ्या त्याच जिन्याने खाली यायच्या आहेत. जिन्यावर स्टेपल दाट असतात. उघड्या जिन्यावरून रात्री कुणी उतरणार असेल तर त्याच दिवशी सगळे काढा.

उघडी जमीन मिळते तेव्हा

नवीन कार्पेट येईपर्यंतचे एक-दोन दिवस अत्यंत मोलाचे आहेत. पुन्हा ही जमीन कित्येक वर्षं दिसणार नाही.

वासाचं आधी बघा. कुत्र्याची लघवी कार्पेटमधून पॅडमध्ये आणि तिथून प्लायवूडमध्ये उतरते. कार्पेट बदललं आणि जमीन तशीच ठेवली तर पहिल्या दमट दिवशी वास परत येतो. डागाच्या जागी एन्झाइमचं क्लीनर मुरवा, पूर्ण सुकू द्या, मग शेलॅकचा (लाखेचा) प्रायमर मारा. पाण्याचा साधा प्रायमर हा वास अडवत नाही. प्लायवूड फुगून थर सुटले असतील तर तेवढा तुकडा कापून बदला.

मग खोलीभर चाला. जिथे जमीन करकरते तिथे खूण करा आणि खालच्या तुळईत स्क्रू घाला, खिळे नको. तुळया बहुतेक 16 इंचांच्या अंतराने असतात, एक सापडली की पुढच्या मोजून सापडतात. जुन्या कार्पेटवर भिंतीच्या कडेने काळी रेघ दिसत होती का? ती मळाची नसते. बेसबोर्डखालच्या फटीतून हवा ये-जा करते आणि कार्पेट ती गाळतं, म्हणून धूळ तिथेच धरते. फट अ‍ॅक्रिलिक कॉकने (फटी बुजवायच्या लुगदीने) भरा, नवीन कार्पेटला ती रेघ येणार नाही.

तळघराच्या काँक्रीटवर साधारण दीड फुटाचा जाड प्लॅस्टिकचा चौकोन चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि एक दिवस ठेवा. खाली पाण्याचे थेंब जमले किंवा काँक्रीट गडद झालं तर ओल वर येतेय. ती थांबवल्याशिवाय तिथे कार्पेट घालू नये.

आता माप

क्षेत्रफळाने भिंतीचा रंग मोजता येतो, कार्पेट नाही. अमेरिकेतलं बहुतेक कार्पेट जॉर्जियातल्या डाल्टन शहराच्या आसपासच्या गिरण्यांत तयार होतं आणि तिथून ते मुख्यतः 12 फूट रुंदीच्या रोलमध्ये येतं. काही प्रकार 15 फुटांतही मिळतात. तुम्ही चौरस फुटाचे पैसे देता, पण दुकान कापतं रोलची लांबी. रुंदी पूर्ण 12 फूटच मिळणार, तुमची खोली कितीही असो. साडीचा पन्हा ठरलेला असतो आणि ब्लाउजपीस त्यातूनच काढावं लागतं, तसं हे.

खाली ओक निघाला नाही असं धरून तुमच्या दिवाणखान्याचं करून दाखवतो. क्षेत्रफळ 284 चौरस फूट. दहा टक्के मिळवले तर साधारण 313, म्हणजे 12 फुटी रोलचा 26 फूट लांब तुकडा. त्यातून काय निघतं बघा. 18 फूट 7 इंच लांबीचा एक पूर्ण पट्टा निघाला (कडेला कापायला तीन इंच जास्त धरले). खोली 15 फूट 6 इंच रुंद, म्हणून उरलेल्या साडेतीन फुटांच्या पट्टीसाठी हातात फक्त सात-साडेसात फूट लांबीचा तुकडा राहिला. तो उभा तीन भागांत कापून, एकापुढे एक जोडूनच ती पट्टी भरता येईल. म्हणजे एक लांब जोड आणि त्याला दोन आडवे जोड. दुकानदाराचा हिशेब कागदावर पुरतो, पण खोली ठिगळांची होते.

आता रोल आडवा फिरवा. कार्पेटची लांबी 15 फूट 6 इंचाच्या दिशेने. 15 फूट 9 इंचाचे दोन पट्टे घ्या. पहिला 12 फूट पूर्ण रुंदीचा, दुसऱ्यातून 6 फूट 7 इंच रुंदी वापरा. एकूण 31 फूट 6 इंच लांबी, 378 चौरस फूट, म्हणजे 42 चौरस यार्ड. सगळ्या खोलीत जोड एकच. खर्च वाढतो हे खरं, पण 5 फूट 5 इंच रुंद आणि 15 फूट 9 इंच लांब अखंड पट्टी उरते. ती कचरा नाही. क्लोझेट त्यातून होतील, किंवा जिन्याच्या तेरा पायऱ्यांपैकी नऊ.

तिसरा पर्याय म्हणजे रोल लांबीच्या दिशेने ठेवून दोन पूर्ण पट्टे. त्याला 446 चौरस फूट लागतात. शेजारच्या पॅसेजलाही हेच कार्पेट घालायचं असेल तरच तो विचारात घ्यावा. 15 फुटी रोल तुमच्या कामाचा नाही, सहा इंचांनी हुकतो.

दुसऱ्याच पर्यायाकडे माझा कल आहे, त्याला आणखी एक कारण आहे. जोड खिडकीच्या दिशेने धावला तर उजेड त्याच्या अंगावरून सरळ जातो आणि जोड दिसत नाही. उजेड जोडाला आडवा आला की सावली पडते आणि रोज संध्याकाळी ती रेघ डोळ्यांत भरते. तुमची खिडकी लांब भिंतीत आहे, त्यामुळे या पर्यायात जोड आपोआप खिडकीकडे जातो. 12 फुटांचा अखंड तुकडा मुख्य दाराच्या बाजूला ठेवा, जोड सोफ्याकडच्या टोकाला येऊ द्या. दाराच्या उंबऱ्यात किंवा चालण्याच्या वाटेवर जोड कधीही नको.

धाग्यांची दिशा हा असा मुद्दा आहे की तो विसरला तर सगळं वाया जातं. कार्पेटवरून हात फिरवा. एका बाजूला ते मऊ आणि फिकट लागतं, उलट बाजूला खरखरीत आणि गडद. सगळ्या तुकड्यांची दिशा एकच हवी, नाहीतर एकाच रोलमधले दोन तुकडे दोन रंगांचे दिसतात. म्हणूनच उरलेली पट्टी वाटेल तशी फिरवून वापरता येत नाही. जिन्यावर धागे खाली उतरणाऱ्या दिशेने झुकलेले हवेत.

प्रत्यक्ष मोजताना पोलादी टेप वापरा, दोघांनी धरा. प्रत्येक दिशेला तीन ठिकाणी मोजा आणि सर्वांत मोठा आकडा घ्या. 1962 च्या घराच्या भिंती काटकोनात असतीलच असं नाही. माप भिंतीपासून भिंतीपर्यंत, जमिनीलगत. दाराशी बंद दाराच्या जाडीच्या मध्यापर्यंत जा, खोलीच्या कडेला थांबू नका. क्लोझेट मोजताना दाराच्या भिंतीची जाडी विसरली जाते, ती धरा. पुढे आलेल्या खिडकीच्या कोनाड्याला त्याच्या सर्वांत खोल बिंदूपर्यंतचा पूर्ण आयत धरा. हे सगळं चौकटीच्या कागदावर पाव इंच म्हणजे एक फूट या प्रमाणात काढा, दारं, खिडक्या, जाळ्या दाखवा. मग पुठ्ठ्याच्या त्याच प्रमाणातल्या 12 फुटी पट्ट्या कापून नकाशावर सरकवून बघा. कोणत्याही गणितापेक्षा हे लवकर कळतं. नक्षीचं कार्पेट घेणार असाल तर नक्षी जुळवायला प्रत्येक पट्ट्याची लांबी नक्षीच्या पूर्ण आवर्तनापर्यंत वाढवावी लागते. पहिल्यांदा घेताय तर साधंच घ्या.

जिन्याला एका पायरीचं माप म्हणजे सपाट भाग, उभा भाग आणि पुढे आलेल्या कडेच्या वळणासाठी दीड इंच. 10 आणि साडेसात इंच असतील तर 19 इंच धरा. प्रत्येक पायरी मोजा, जुन्या जिन्यात त्या सारख्या नसतात.

पॅड मात्र खुशाल क्षेत्रफळाने, पाचेक टक्के जास्त धरून घ्या, कारण त्याचे जोड दिसत नाहीत. जुनं पॅड परत वापरू नका. आईंचा विचार करून पॅड जाड, गुबगुबीत घेण्याचा आग्रह होईल, तो मोडा. पाय रुतणाऱ्या पॅडवर गुडघे दुखणाऱ्या माणसाचा तोल जातो. घनफुटाला 8 पौंड घनतेचं, 7/16 इंचापेक्षा जाड नसलेलं पॅड आणि त्यावर आखूड धाग्यांचं कार्पेट, हे काठी घेऊन चालणाऱ्यालाही स्थिर वाटतं. नव्या थराची एकूण जाडी मोजून दार त्यावर घासतंय का तेही आधी बघा.

एवढं सगळं स्वतः मोजलं तरी ऑर्डरसाठीचं अंतिम माप विक्रेत्याच्या माणसाकडूनच घ्या. तुमचा नकाशा दर तपासायला आणि प्रश्न विचारायला आहे. माप त्यांचं असेल आणि कार्पेट कमी पडलं तर भरपाई त्यांनी करायची. तुमचा आकडा असेल तर तुम्हीच, आणि नंतर आणलेला तुकडा वेगळ्या रंगाच्या लॉटचा निघण्याची भीती असते. कोटेशनमध्ये जोड कुठे येणार याचा नकाशा मागा. तो द्यायला जो टाळाटाळ करेल त्याला काम देऊ नका.

क्रम असा ठेवा: या आठवड्यात कोपरे उचलून बघा आणि नकाशा काढा, मग माप आणि ऑर्डर. जुनं कार्पेट बसवणाऱ्यांच्या तारखेच्या तीन-चार दिवस आधीच काढा, त्याआधी नको, नाहीतर बाळ उघड्या टॅक स्ट्रिपमध्ये आठवडेच्या आठवडे रांगेल. आईबाबांच्या विमानाच्या किमान आठवडाभर आधी काम संपलेलं असू द्या. नव्या कार्पेटचा वास जाण्यासाठी दोन-तीन दिवस खिडक्या उघड्या आणि पंखे चालू हवेत. बसवणारे आले की त्यांच्याकडे पॉवर स्ट्रेचर आहे का ते बघा, म्हणजे समोरच्या भिंतीला टेकवून कार्पेट ताणणारी लांब दांडी. नुसत्या गुडघ्याने ढकलायच्या किकरवर दिवाणखान्याएवढी खोली नीट ताणली जात नाही. मग त्यावर लाटा येतात आणि आईंचा पाय नेमका त्यातच अडकायचा. दांडी गाडीतून खाली उतरल्याशिवाय काम सुरू करू देऊ नका.